अक्षरगोपनाचे खेळ व त्यांच्या किल्ल्या

(१) विषयप्रवेश

अमेरिकेंत इ. स. १९७४ च्या जानेवारींत ‘जॅकपॉट’ नांवाचा कोड्यांचा एक खेळ दूरचित्रवाणीवर सुरू झाला. एन. बी. सी. ही संस्था तो भर दिवसा दाखवीत असे. खेळास सोळा स्पर्धक बसत. त्यांतील एकास ‘तज्ज्ञ’ म्हणत. तज्ज्ञानें उरलेल्या पंधरांपैकीं एकाचा क्रमांक पुकारावा. त्यानें आपल्याजवळील कोडें घालावें. उत्तर बरोबर आल्यास तज्ज्ञानें पुढील क्रमांक पुकारावा, चुकल्यास दोघांनीं जागा बदलाव्या, असा त्याचा सामान्य नियम होता. इ. स. १९७५ च्या सप्टेंबरांत हा खेळ बंद झाला. पुरतीं दोन वर्षेंहि तो टिकला नाहीं. त्या काळीं चित्रमुद्रणाच्या चुंबकीय फिती महाग असत, व दिवसाचे खेळ पुन्हां कोणी पाहील असें चालकांस वाटत नसे. म्हणून त्या फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित करण्याची वहिवाट होती. या वहिवाटीपायीं प्रस्तुत खेळाचे बहुतेक सर्व भाग नाहींसे झाले. त्याचा नियम मात्र लोकांस ठाऊक राहिला.

पोथ्यांच्या संग्राहकांस ही कथा अपरिचित वाटूं नये. यूरोपांत चर्मपत्र महाग म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. आणि जुन्या पोथ्यांचीं पानें एकमेकांस चिकटवून पुठ्ठे केलेले आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिले असतील. साधन महाग आणि मजकूर हलका, असें ज्या काळास वाटतें त्या काळीं मजकूर जातो.

माझ्याजवळ याच्या अगदीं उलट प्रकारची एक वही आहे. सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वीं, संस्कृताचा विद्यार्थी असतांना, यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी व मारेगांव या भागांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडचे उखाणे मीं तींत उतरून घेतले. आज ‘उखाणा’ म्हटलें कीं लग्नकार्यांत नांव घेणें एवढेंच आठवतें. परंतु कोडें हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, व त्याच अर्थानें तो मीं येथें योजिला आहे. अक्षर शुद्ध आहे, गांवांचीं नांवें आहेत, तिथिहि आहेत. उत्तरें मात्र लिहिलेलीं नाहींत. लिहितांना तीं मला ठाऊकच होतीं, म्हणून लिहिण्याचें कारण दिसलें नाहीं. आज त्यांतील अकरा उखाण्यांचीं उत्तरें मला सांगतां येत नाहींत, आणि सांगणाऱ्या स्त्रिया हयात नाहींत. अमेरिकेंत खेळ गेला व नियम राहिला. माझ्या वहींत खेळ राहिला व किल्ली गेली.

खेळ आणि त्याची किल्ली या दोन भिन्न वस्तु आहेत, त्या बहुधा निरनिराळ्या ठिकाणीं राहतात, आणि एक जपली म्हणून दुसरी आपोआप जपली जात नाहीं, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

(२) बिंदुमती

झांकलेलीं अक्षरें ओळखण्याचा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. सातव्या शतकांतील बाणभट्टानें कादंबरीच्या आरंभीं शूद्रक राजाचे जे विनोद सांगितले आहेत त्यांत अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद व प्रहेलिका हीं नांवें ओळीनें येतात. अक्षरच्युतकांत एक अक्षर गाळलें असतां दुसरा अर्थ निघतो. मात्राच्युतकांत मात्रा गाळावयाची असते. गूढचतुर्थपादांत श्लोकाचा चौथा चरण पहिल्या तीन चरणांच्या अक्षरांतच लपविलेला असतो. बिंदुमतींत श्लोकांतील व्यंजनांच्या जागीं बिंदु मांडतात, काना, मात्रा, वेलांटी इत्यादि स्वरचिन्हें तेवढीं कायम ठेवितात, आणि समोरच्यानें त्यांवरून मूळ श्लोक ओळखावयाचा असतो.

शाळेंत असतांना मीं हा खेळ मुलांकडून अनेकदां खेळविला आहे. एकदां फळ्यावर पांच शून्यें काढून चौथ्यास काना दिला व शब्द ओळखण्यास सांगितलें. मला ‘यवतमाळ’ अपेक्षित होतें व बहुतेकांनीं तेंच सांगितलें. परंतु मागच्या बांकावरील एकानें ‘कडकडाट’ म्हटलें, त्याच्या शेजाऱ्यानें ‘बडबडाट’ म्हटलें, आणि नियम पाहतां तिघांचेंहि उत्तर बरोबर होतें. त्या दिवशीं मला एक गोष्ट समजली, जी त्यापूर्वीं इतकीं वर्षें ग्रंथ वाचून समजली नव्हती. ती ही कीं, बिंदुमती सुट्या शब्दाची करीत नसून श्लोकाची कां करीत. सुट्या शब्दास उत्तरें अनेक निघतात. श्लोक घेतला म्हणजे स्वरांवरून वृत्ताचा अंदाज येतो, वृत्तावरून शब्दांचा, आणि शब्दांवरून अर्थाचा. चार चरणांस एकदम लागू पडेल असें दुसरें उत्तर सहसा सांपडत नाहीं. एकच उत्तर निघावें ही खेळाच्या प्रामाणिकपणाची खूण होय. या खुणेचा पुढें पुन्हां उपयोग होईल.

इ. स. १९७५ च्या जानेवारींत त्याच अमेरिकन संस्थेनें दिवसाच्याच वेळीं ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ हा खेळ सुरू केला, व तो पुढें फार लोकप्रिय झाला. त्यांतहि वाक्यांतील अक्षरें झांकलेलीं असतात. परंतु तेथें व्यंजनें पुकारून मिळवावयाचीं आणि स्वर पैसे मोजून विकत घ्यावयाचे असतात. आपल्या बिंदुमतींत स्वर फुकट आणि व्यंजनें गुप्त. हा भेद केवळ लहरीचा नाहीं. रोमन लिपींत स्वर हें स्वतंत्र अक्षर आहे, म्हणून तें सुटें झांकतां व विकतां येतें. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत तो व्यंजनास लागणारें चिन्ह आहे, म्हणून व्यंजन पुसलें तरी चिन्ह जागेवर राहतें. खेळाचा सांगाडा लिपीनें घडविला आहे.

अशा खेळाची पोथी फार नाजूक असते. साधा श्लोक उतरितांना लेखकाकडून अक्षर गळलें तर पुढचा वाचक अर्थावरून तें सुधारूं शकतो. बिंदुमतींतील बिंदु गळला तर सुधारण्यास अर्थच समोर नसतो. म्हणून हे प्रकार ज्यांनीं लक्षणें देऊन व उकलून सांगितले त्यांच्यामुळेंच ते उरले. धर्मदासाच्या ‘विदग्धमुखमंडन’ या ग्रंथांत असे अनेक प्रकार लक्षणोदाहरणांसह दिले आहेत, त्यावर टीकाहि झाल्या, आणि म्हणून आज आपणांस बिंदुमती कळते. उलट रामशर्म्याच्या ‘अच्युतोत्तर’ या ग्रंथांतील प्रहेलिकेचा उल्लेख भामहानें केला आहे. पण तो ग्रंथ आज उपलब्ध नाहीं, नांव तेवढें राहिलें आहे.

(३) दंडीचे तीन उपयोग

साहित्यशास्त्रकारांनीं या प्रकारांस फारसा मान दिला नाहीं. रुद्रट त्यांस क्रीडेपुरते मानतो. विश्वनाथ तर प्रहेलिका रसास विघ्न करिते म्हणून तिला अलंकारच म्हणत नाहीं. दंडीनें मात्र काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगून तिचे उपयोगहि सांगितले आहेत. ते तीन: क्रीडागोष्ठींतील करमणूक, गर्दींत जाणत्यांनीं परस्परांशीं गुप्तपणें बोलणें, आणि दुसऱ्यास चकविणें. या विषयाचा सर्व इतिहास या तीन सूत्रांत बसतो असें मला वाटतें.

पहिल्या उपयोगाचीं उदाहरणें दक्षिणेंत विपुल आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या क्रीडांमध्यें प्रहेलिकाक्रीडेस स्वतंत्र स्थान आहे. मराठींत ज्ञानदेवांच्या नांवावरील कूट अभंग सर्वांस ठाऊक आहेत. मोरोपंतांनीं (इ. स. १७२९–१७९४) ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचिलें, व मंत्ररामायणांत रामाचा त्रयोदशाक्षरी मंत्र अक्षराक्षरानें गुंफिला. मुलें भेंड्या लावितात ती तर वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांतील ‘प्रतिमाला’ होय. इ. स. १९९३ मध्यें एका हिंदी वाहिनीनें तिचाच खेळ करून घरोघर पोंचविला.

या करमणुकींतून इतिहासहि हातीं लागतो. दंडीच्याच एका उदाहरणांत एक नगरी ओळखावयाची आहे: मधोमध अनुनासिक, भोंवतीं चार वर्ण; आणि तेथील राजांचें नांव आठ वर्णांचें. टीकाकारांनीं उत्तर दिलें आहे तें कांची व पल्लवाः. क्, आ, ञ्, च्, ई असे सुटे वर्ण मोजले म्हणजे पांच भरतात व ञकार मध्यें येतो. पल्लवाः यांतील वर्ण विसर्गासह आठ भरतात. दंडीचा कांचीशीं संबंध ठरवितांना संशोधकांनीं या श्लोकाकडे बोट दाखविलें आहे. परंतु श्लोकांत उत्तर कोठेंहि लिहिलेलें नाहीं. टीकाकारानें दोन शब्द लिहून ठेविले नसते तर नगरी शोधीत आपण कोठें गेलों असतों कोणास ठाऊक.

(४) गुप्तभाषण: मूलदेवीय व सकळ लिपि

दुसरा उपयोग गुप्तभाषणाचा. वात्स्यायनाच्या कलांत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ व ‘म्लेच्छितविकल्प’ अशा दोन कला आहेत. तेराव्या शतकांतील टीकाकार यशोधर यानें ‘जयमंगला’ टीकेंत म्लेच्छितविकल्पाच्या रीति दिल्या आहेत. त्यांतील ‘मूलदेवीय’ रीतींत वर्णांची ठराविक अदलाबदल होते. उदाहरणार्थ, तवर्ग व पवर्ग परस्परांचीं स्थानें घेतात. या रीतीनें ‘तप’ लिहिलें तर ‘पत’ होतें, व ‘मन’ लिहिलें तर ‘नम’ होतें. दोन्ही शब्द सार्थ असल्यामुळें वाचणाऱ्यास येथें कांहीं लपविलें आहे अशी शंकाहि येत नाहीं.

महाराष्ट्रांत याच जातीची, परंतु फार मोठ्या प्रमाणावर योजिलेली युक्ति म्हणजे महानुभावांच्या संकेतलिप्या. सकळ, सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा, पारमांडल्य अशीं त्यांचीं नांवें आहेत. सकळ लिपि ही सर्वांत प्रचलित. ती रवळोव्यासानें काढिली असें परंपरा सांगते. मूलदेवीयाशीं तिचा वंशसंबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. तत्त्व एकच, एवढेंच म्हणावयाचें आहे. पंथाचे ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हातीं जाऊं नयेत म्हणून ते या लिपींत लिहीत, व किल्ली मठांत गुरूकडून शिष्याकडे जाई. परिणाम असा झाला कीं, लीळाचरित्रासारखा तेराव्या शतकांतील मराठी गद्यग्रंथ महाराष्ट्रांत असूनहि पंथाबाहेरील मराठी वाचकास तो शतकानुशतकें अज्ञात राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि इ. स. १९१९ च्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या आवृत्तींत वि. ल. भावे यांनीं महानुभाव ग्रंथकारांस मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत स्थान दिलें. आमच्या यवतमाळचा या कार्याशीं निकटचा संबंध आहे. वकिलीचा व्यवसाय करून यशवंत खुशाल देशपांडे (इ. स. १८८४–१९७०) यांनीं येथें शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली, व त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ इ. स. १९२५ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें वि. भि. कोलते यांनीं याच क्षेत्रांत आयुष्य वेंचलें; त्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र इ. स. १९७८ मध्यें बाहेर आलें.

अशी लिपि उकलण्यास दोनच वाटा असतात. एक तर्काची: वारंवार येणारी अक्षरावलि हेरावी व तिच्या जागीं वारंवार येणारा शब्द बसवून पाहावा. लीळाचरित्रांत ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ ही पदावलि पदोपदीं येते. अशी एक जागा बसली कीं दहाबारा वर्ण एकदम हातीं येतात. ही वाट म्हणजे बिंदुमतीच होय. भेद इतकाच कीं, खेळाचा दुसरा गडी कित्येक शतकांपूर्वीं मेलेला असतो. दुसरी वाट जाणत्यास विचारण्याची. पहिल्या वाटेनें जाण्यास मजकूर भरपूर लागतो. चारसहा ओळींच्या सुट्या पानावर तर्क चालत नाहीं. तेथें दोनतीन उत्तरें सारख्याच जोरानें पुढें येतात, माझ्या फळ्यावर आलीं तशीं. मजकूर थोडा असला म्हणजे किल्लीस पर्याय नाहीं.

(५) परव्यामोह: बक्षिसांचीं शब्दकोडीं

दंडीनें सांगितलेल्या तिसऱ्या उपयोगाचें अर्वाचीन उदाहरण मुंबई इलाख्यानें पाहिलें आहे. मोठमोठ्या बक्षिसांचीं शब्दकोडीं वर्तमानपत्रांतून येऊं लागलीं व प्रवेशशुल्क भरून हजारों लोक तीं सोडवूं लागले. अशा कोड्यांत एका सूचनेस दोन शब्द सारखेच लागू पडत. खरा शब्द कोणता, तें अर्थावरून ठरत नसून चालकांनीं आधींच सिद्ध करून ठेविलेल्या उत्तराशीं जुळतें कीं नाहीं यावरून ठरे. म्हणजे कोडें सोडविणारा अर्थ शोधीत नसे. दुसऱ्याच्या मनांत काय असेल याचा जुगार खेळे.

मुंबई सरकारनें इ. स. १९४८ मध्यें सोडती व बक्षीसस्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. इ. स. १९५५ मध्यें केंद्रानें बक्षीसस्पर्धांचा कायदा केला. त्यांत अक्षरें, शब्द अथवा अंक यांच्या जुळणीवर वा मांडणीवर आधारलेलीं कोडीं स्पष्टपणें घेतलीं आहेत, व महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांस बंदी केली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. चमरबागवाला यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या इ. स. १९५७ च्या निर्णयांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, ज्या स्पर्धेंतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाहीं ती जुगारच होय.

साहित्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर न्यायालयानें बिंदुमतीची खूणच लाविली. उत्तर रचनेंतूनच एक निघत असेल तर तो विद्येचा खेळ; उत्तर अनेक निघत असून त्यांतलें एक कुलुपांत ठेविलें असेल तर तो व्यामोह. पहिल्या प्रकारांत किल्ली हरवली तरी बुद्धिमान वाचक ती पुन्हां घडवूं शकतो. दुसऱ्या प्रकारांत किल्ली गेली कीं कोडें कायमचें मेलें. इतिहासाच्या दृष्टीनें या भेदाचें महत्त्व मोठें आहे, कारण आपल्या दप्तरांतील कोणतें पान अजून बोलूं शकेल व कोणतें बोलणार नाहीं हें त्यावरून समजतें.

(६) संग्राहकांस विनंति

या विवेचनावरून हस्तलिखितांच्या संग्राहकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्या पानावर केवळ बिंदु, अंक किंवा निरर्थक दिसणारीं अक्षरें आहेत तें पान मुलांची गिरवणी समजून टाकूं नये. पोथीच्या पहिल्या व शेवटच्या पानाची कोरी बाजू, पुठ्ठ्याची आंतली बाजू आणि समास यांचींहि छायाचित्रें घ्यावीं; चारदोन वर्णांची जुळणी टिपून ठेवावयाची तर लेखकास तीच जागा मोकळी सांपडते. बाडांतील सुटें पान बाडापासून वेगळें करूं नये. एकाची किल्ली दुसऱ्यावर असणें संभवतें. आणि तोंडी कोडें उतरून घेतांना उत्तर, तें सांगणाऱ्याचें गांव, व दुसऱ्या कोणी दुसरें उत्तर दिलें असल्यास तेंहि लिहावें. उत्तर उघड आहे असें वाटत असेल तर तें आधीं लिहावें. उघड गोष्टच सर्वांत आधीं विसरली जाते.

शेवटीं माझ्या वहीकडे येतों. तींतील एका उखाण्याचा आशय असा: दोघे भाऊ पोटाशीं पोट लावून फिरतात, पांढरें गिळतात, काळें थुंकतात. पुष्कळ वर्षें मी दांत, जातें, दिवसरात्र अशीं उत्तरें लावून पाहत होतों. एकहि नीट बसेना. गेल्या उन्हाळ्यांत मारेगांवच्या बाजूच्या एका वृद्ध बाईंस तो सहज म्हणून दाखविला. त्या हंसल्या व म्हणाल्या, “गुरुजी, हा तर आमच्या घरचा हातरेचा.” कपाशींतून सरकी वेगळी करण्याच्या त्या लांकडी यंत्रास दोन लाट्या असतात, त्या एकमेकींस लागून फिरतात, रुई पलीकडे जाते व सरकी अलीकडे पडते. कापसाच्या या जिल्ह्यांत जन्म काढूनहि मला तें सुचलें नाहीं, कारण कारखाने आल्यावर हातरेचे घरांतून गेले, आणि वस्तु गेली तेव्हां उत्तरहि गेलें. त्या बाईंचें वय नव्वदीच्या पुढें आहे.

अकरांपैकीं दहा उखाणे अजून उरले आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वीं त्या बाजूचीं गांवें पुन्हां हिंडण्याचा विचार आहे. ज्यांच्याजवळ अशा वह्या असतील त्यांनींहि आपापल्या वह्या उघडून, ज्या उत्तरांचे जाणते अद्याप हयात आहेत तीं आधीं लिहून घ्यावीं, इतकीच विनंति आहे.